जूनमध्ये दक्षिणेचा वारा?

प्रिय टॅश्ना,

तुझी वही माझ्याकडे आहे. चुलीत घाल म्हणून आजीला देऊन गेलीस. चुलीत घालायला तिच्याकडे नारळाच्या करवंट्या पुष्कळ आहेत.

शनिवारी पुस्तकांच्या जत्रेत वाचता वाचता गोष्ट अर्धी टाकून तू मंडपातून पळालीस आणि दुसऱ्या दिवशी किंग्स्टनची गाडी धरलीस, पुन्हा लिहिणार नाही म्हणून. मागच्या बाकावरच्या कोळ्यांनी तुझी टर उडवली, असं तुला वाटलं. पोरी, नीट ऐक.

त्या मंडपात मी चौदा वर्षं दर जत्रेला दुसऱ्या रांगेत बसते आहे. शाळा मला चौथीपर्यंतच मिळाली. पुढचं वाचायला शिकले ती हॉटेलात पाहुण्यांच्या खोल्या झाडताना, त्यांनी विसरलेल्या पुस्तकांवर. नवखं कुणी कागद घेऊन उभं राहिलं, की माझे कान मागच्या बाकाकडे असतात. क्लीव्हलंड, युराया आणि मंडळी येतात ती तळलेल्या माशांसाठी. मोठमोठे लेखक वाचतात तेव्हा ती घोरतात. कुणाचं वाचन अगदीच पडलं, तर मात्र सभ्यपणे टाळ्या वाजवतात. मध्येच तोंड घातलं, असं चौदा वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

तुझ्या गोष्टीतल्या होडीचं इंजिन बंद पडलं. त्या माणसानं ताडपत्रीचं शीड केलं, आणि दातांच्या फटीतून शीळ घालत तो दक्षिणेच्या वाऱ्यावर उत्तरेला घरी निघाला. तेवढ्यात युराया उभाच राहिला. "जूनमध्ये दक्षिणेचा वारा? कुणाच्या घरचा गं?" क्लीव्हलंड म्हणाला, "जूनमध्ये पूर्वेचा असतो, बाई! पार पश्चिमेला, होंडुरासला नेऊन घालेल त्याला!" तू गेलीस तरी भांडण थांबेना. "रेडिओ का नाही घेतला त्या गाढवानं?" "तू घेतोस का रे कधी? बायकोनं हाक मारली तरी ऐकू येत नाही तुला!" जो माणूस जन्मलाच नाही, त्याला ते शिव्या घालत होते, कारण तो त्यांना घरी पोचायला हवा होता. याहून मोठी दाद या किनाऱ्यावर कुणाला मिळालेली मी पाहिली नाही. मी ताठ बसले होते, जणू तुला मीच जन्म दिला.

तो शीळ घालणारा तू कुठून घेतलास, ते मला लगेच कळलं. माझा लेबर्ट तशीच शीळ घालायचा, हे तुरीच्या शेंगा सोलताना मीच तुला सांगितलं होतं. तो समुद्रावरून परतला नाही, तेव्हा ही कोळी माणसं त्याला नऊ दिवस शोधत होती. त्यानंतर एकोणीस वर्षं त्यांनी मला मासे आणून दिले, वादळानंतर माझं छप्पर शाकारलं, पण माझ्या नवऱ्याचं नाव माझ्यासमोर कधी काढलं नाही. शनिवारीही काढलं नाही. पण तो कसा परत येऊ शकला असता, यावर माझ्यादेखत तासभर भांडले. मी ते सगळं ऐकलं. मला ते सोसलं.

किंग्स्टनची एक बाई पुस्तकं छापते. ती मंडपातच होती. तुझी गोष्ट तिला महिनाअखेरपर्यंत हवी आहे, म्हणून हे पत्र आणि सोबत वही. आज सकाळी क्लीव्हलंड टोपी हातात धरून दारात उभा होता. म्हणाला, "मिस आयसी, पोरीला ऑक्टोबर करायला सांगा. वादळाच्या तोंडावर दक्षिणेचा वारा सुटतो. येईल तो." तेवढा महिना बदल. माझा जूनमध्ये गेला. तुझा ऑक्टोबरमध्ये जाऊ दे, म्हणजे घरी पोचेल.

तुझीच,
मिस आयसी