रंगाचा वास

मंगळवार, संध्याकाळ. गोडादरा.

गाल अजून जळतोय. तरी लिहिणारच.

सातवा आठवडा. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या होत्या, वास सोसणार नाहीत, उलट्या होतील. पण नवऱ्याच्या शर्टाचाच वास? मी पोळ्या लाटत होते. तो पलसाण्याच्या डाइंग मिलमधून आला, रंगाचा तो वास नाकात गेला आणि मी लाटण्यासकट मोरीकडे धावले.

"माझी किळस येते तुला?" म्हणत त्याने कानाखाली वाजवली. मी पडले. मग त्याने पाय उचलला. पोटावर!

लाटणं हातातच होतं. नडगीवर असं हाणलं की तो विव्हळत खाली बसला. मी किंचाळले, "पोटात बाळ आहे माझ्या!"

आईने बजावलं होतं, तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. माझं चुकलं का? आणि बाळ नसतं, तर मारलेलं चाललं असतं?

सासूबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. तोवर मानही वर केली नव्हती. मग म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं सांगतात का गं? दृष्ट लागेल बाळाला."

शर्ट खुंटीवर आहे. वास येतोच आहे. आज पोळ्या झाल्या नाहीत. लाटणं माझ्या उशाखाली आहे.