कोऱ्या सीडीचं गोत्र

सोमवार, ४ मार्च
मानवजात चंद्रावर जाऊन आली, पण कोऱ्या सीडींच्या डब्याचं झाकण उघडत नाही! उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं, शेवटी विनवण्या केल्या. हिने नुसतं दाबून फिरवलं — उघडलं.
"जन्मभर पेपरला बातम्या पाठवल्यात, झाकणावरची सूचना वाचवेना?"
आवाज पार बसलेला. टोमणा मात्र शाबूत.

मंगळवारी, बारा तारखेला हिच्या घशाचं ऑपरेशन. आवाज परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. अंध मुलांसाठी हिने वाचलेले धडे कॉम्प्युटरवर आहेत. ते सीडीवर उतरवायचे. टिकणाऱ्या सीडीवर.

मंगळवार, ५ मार्च
डब्यावर सोनेरी अक्षरं — 'शंभर वर्षं टिकते'. लेकीने एक प्रोग्रॅम घालून दिला. सीडीवर कोरलेला संकेत वाचून तो खरा कारखाना सांगतो. सांगितला. नाव थोरामोठ्यांचं, गोत्र भलतंच!
दुकानदाराला फोन केला. "साहेब, लोक गाणी भरतात नि मोकळे होतात. तुम्ही काय सोयरीक जुळवताय?"

गुरुवार, ७ मार्च
एक भरून तपासली. मध्याजवळ चुका तुरळक, काठाशी त्यांचा आलेख ताडमाड. वेग कमी करून दुसरी भरली. तीच रड.
ही दारात उभी. "अहो, तुमची पारख होईपर्यंत मी काय करू? माइक आहे ना? चार शब्द घरातले बोलते, घ्या भरून."
म्हटलं, आधी पात्रपरीक्षा, मग दान. संस्कृत शिकल्याचा हा फायदा — टाळाटाळही शास्त्रोक्त होते.
"बरं, पंडित," म्हणाली, आणि गेली.

शनिवार, ९ मार्च
सापडली! तिसऱ्या दुकानात. नाव आणि गोत्र एकच, काठापर्यंत आलेख जमिनीला चिकटलेला. सगळे धडे भरले.

संध्याकाळी हिला डॉक्टरांकडे नेलं. सूज वाढलीय. "ऑपरेशनपर्यंत एक शब्दही नको. कुजबुजसुद्धा नको."
लेकीने पाटी आणून दिली. हिने पहिलं वाक्य लिहिलं — 'आता तुमची चैन!'
माइक अजून खोक्यातच आहे.

रविवार, १० मार्च
सीडी लावून ऐकली. नद्यांचे उगम, वाऱ्यांच्या दिशा, बेडकाचं हृदय. स्वच्छ, सावकाश, प्रत्येक जोडाक्षर जागच्या जागी. या आवाजात ही माझ्याशी कधी बोललीच नाही.
चांगल्यापैकी एक सीडी कोरी उरलीय. हिने पाटी पुढे केली — 'ही कशाला ठेवलीत?'
म्हटलं, असू दे.

सोमवार, ११ मार्च
उद्या सकाळी ऑपरेशन. धडे राहतील. पण ही मला 'अहो' म्हणते, ते कुठेच भरलेलं नाही. ते पुन्हा ऐकायला मिळणार नाही, याची मला भीती वाटते.