एकोणीस जणांचे आभार

आदरणीय मामा,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि मामींचा खोकला थांबला का, हे आधी विचारतो, कारण पुढे माझेच रडगाणे आहे. तुम्ही अकरा आठवड्यांपूर्वी विचारले होते, की अर्धवट सोडलेले कॉलेज पुरे करणार की तुमच्या छापखान्यात बायंडिंगला बसणार. उत्तर द्यायला उशीर झाला. त्याला शास्त्रीय कारण आहे, ते सांगतो.

ताई जे पदव्युत्तर शिक्षण घेते त्याचे नाव संज्ञानात्मक आणि संगणकीय मेंदूविज्ञान. (एकदाच पूर्ण लिहितो. आईने पाठ केले आहे, ती भाजीवालीलाही सांगते.) तिच्या प्रबंधाला वीस माणसे हवी होती, मिळाली एकोणीस. विसावा म्हणून घरचा रिकामा माणूस नेला, म्हणजे मी. खिडकी नसलेल्या खोलीत बसवून तिने टेपने माझे डोके मोजले, तारांची टोपी चढवली आणि केसांत थंडगार जेली भरली. पडद्यावर ठिपक्यांचा थवा हलणार, तो एकंदरीत डावीकडे चालला की उजवीकडे, ते ओळखून बटण दाबायचे. असे चारशे वेळा. सूचना होती, शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितके अचूक. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. ताई म्हणाली, दोन्ही कर. मग मी एकेक ठिपका धरून त्याच्या मागे जाऊ लागलो.

मामा, बाकीच्यांना पंचवीस मिनिटे लागली, मला दोन तास पन्नास मिनिटे. वेळमर्यादा तिने घातलीच नव्हती. ती कोणाला लागेल असे वाटले नव्हते. जेली वाळून कवच झाली, शेजारच्या खोलीतला तंत्रज्ञ दोनदा येऊन मी जिवंत आहे का ते पाहून गेला. पण चारशेच्या चारशे उत्तरे बरोबर आली. (एकशे बाराव्याबद्दल मला अजून शंका आहे.) आयुष्यात प्रथमच पैकीच्या पैकी, म्हणून मी कौतुकाच्या तयारीत बसलो होतो.

तिच्या गणितात असे आहे, की माणसाच्या डोक्यात पुरावा थेंब थेंब साचतो आणि भांडे भरले की हात आपोआप बटणावर जातो. एकोणीस जणांची भांडी भरली. त्यांचे ठिपके आलेखात एका रेषेवर गुण्यागोविंदाने बसले आहेत. मी एकटा वर कोपऱ्यात, कडेच्या शेवटच्या आकड्याला चिकटून. ताईच्या सरांनी तो आलेख सगळ्या वर्गासमोर भिंतीवर लावला आणि म्हणाले, "हा गृहस्थ विचार करत नाही, चौकशी समिती नेमतो." वर्ग हसला. ताईही हसली. मी धुतलेली टोपी परत द्यायला दाराशी उभा होतो, हे तिला माहीत नव्हते असे मी धरून चाललो आहे.

मग मला वगळले. त्याला रीतसर नियम आहे, म्हणे. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "तुला फक्त बटण दाबायचं होतं रे." कॉलेज सोडले तेव्हाही ती हेच म्हणाली होती, शब्द थोडे वेगळे होते. परीक्षेत पहिला प्रश्न पाच वेळा तपासत बसलो आणि घंटा झाली, हे तिला तेव्हाही सांगितले नव्हते.

मामींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. तिचा प्रबंध बायंडिंगला तुमच्याकडेच आला आहे. आभाराच्या पानावर तिने सरांचे, तंत्रज्ञाचे, खोलीच्या चाव्या ठेवणाऱ्या बाईंचे आणि 'एकोणीस सहभागींचे' आभार मानले आहेत. खरे तर एवढ्यासाठीच पत्र लिहिले. ते पान काढून एकोणीसचे वीस करून पुन्हा छापाल का? कोणी मोजणार नाही.

ता. क. २. करू नका. आलेखात एकोणीसच ठिपके उरले आहेत. कोणी खरेच मोजले तर तिची पदवी अडकेल, आणि दोन वर्षे ती जागली आहे, मी नाही.

ता. क. ३. तरी बायंडिंग इतक्यात करू नका. मी सोमवारी छापखान्यात येतो, कायमचा. ते पान समोर ठेवून एकोणीस की वीस, ते नीट विचार करून ठरवतो. (प्रबंध देण्याची तिची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचला संपते.)