पाच वाजताचा आकडा

प्रिय घुबडे,

सकाळचे अकरा वाजलेत. खिडकीला जाड पडदा, डोळ्यांवर ओढणी, कानात कापूस, आणि मी टक्क जागी. नऊ दिवस झाले, रात्रपाळीहून येते, आडवी होते आणि छताकडे बघत पडते. वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला भोकं पाडतंय. एका घराला खिळे लागतात तरी किती गं? तुझे बाबा माझी झोपमोड होऊ नये म्हणून चवड्यांवर चालतात आणि हमखास एखादं ताट पाडतात. मग दाराशी येऊन कुजबुजत विचारतात, झोपलीस का? आता यावर काय उत्तर देणार, कपाळ! शेवटी उठले, वहीची पानं फाडली आणि लिहायला बसले. फोन केला असता तर तुझी झोप मोडली असती. आणि खरं सांगायचं तर फोनवर मला हे जमणार नाही.

आधी बातमी. आपल्या पानामामांना घरी बसवलंय. खिशात कायम पाना, म्हणून नाव तूच ठेवलेलं, शाळा सुटली की माझ्या कामावर येऊन बसायचीस तेव्हा. तुझ्या सायकलची साखळी किती वेळा बसवून दिली असेल त्यांनी! आमच्या गोदामातल्या थंड खोल्या, औषधं ठेवायच्या, त्यांची यंत्रं तीस वर्षं त्यांनीच सांभाळली. आणि आता म्हणे एक यंत्र त्यांच्याच हातून बिघडलं. दोन नंबरच्या खोलीतली सगळी औषधं फेकून द्यावी लागली. आज चार वाजता साहेबांसमोर चौकशी आहे. नोकरी जाणार, हे सगळे धरूनच चाललेत. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं माणसाचं.

तू इस्पितळात नवी नवी रात्रपाळीवर लागलीस तेव्हा विचारलं होतंस, रात्री जागं कसं राहायचं. मी केवढं व्याख्यान दिलं! हात असलेल्या खुर्चीत बसायचं नाही, पाठ टेकली की संपलं. जेवण अर्धपोटी. चहा दोनच्या आत, नंतर प्यायलीस तर सकाळी अंथरुणात लोळत बसशील. गालात लवंग धरायची, वेणी घट्ट घालायची. रात्र वैऱ्याची म्हणतात ना, ती काही सगळी रात्र नसते, तीन ते पाच एवढीच. तेवढ्यात माणूस उभ्या उभ्या झोपतो. आमचा पहारेकरी एकदा दाराला टेकून घोरत होता, आणि झोपेतच त्याने मला सलाम ठोकला. त्या दोन तासांत चालत राहायचं, नाहीतर कोणाशी तरी कडाकडा भांडून घ्यायचं, असं मी म्हणाले आणि तू खूप हसलीस. मग विचारलंस, आई, तू कधीच डुलकी नाही घेतलीस? मी म्हणाले, छे, बावीस वर्षांत एकदाही नाही.

थांब, पाणी पिऊन येते.

आले. ओट्याशी उगीचच उभी राहिले, डबे पुसले, परत आले. हात स्वस्थ बसत नाहीत बघ.

आमचं काम तुला माहीत आहे. दर तासाला चारही खोल्यांसमोर जायचं, तापमान बघायचं, नोंदवहीत आकडा लिहायचा, सही करायची. आणि आकडा कायम चार अंश. वर्षानुवर्षं चार. म्हणून रात्रपाळीत एक रीत पडलीय. तीनची फेरी झाली की तिथेच चारचे आणि पाचचे आकडे भरून टाकायचे आणि दोन तास डोळे मिटायचे. मला हे आधीच्या बाईंनी शिकवलं, मी पुढच्या दोघींना शिकवलं. प्रत्येक तासाला पेन बदलायचं, म्हणजे एका दमात लिहिल्यासारखं दिसत नाही. चोरीतसुद्धा केवढी टापटीप!

त्या रात्री मी तेच केलं. दाराच्या घंटेने जाग आली तेव्हा सव्वापाच झाले होते. पंधरा दिवसांतून एकदा पानामामा यंत्रांच्या जाळ्या साफ करायला पहाटेच येतात. दार उघडायला धावले तर दोन नंबरच्या खोलीसमोर चपला चपचप वाजल्या आणि पायमोजे भिजले. झोपेच्या तारेत वाटलं, सांडलं असेल कोणाचं पाणी. मामांनी मागच्या बाजूला जाऊन यंत्राचं झाकण उघडलं. सहाच्या फेरीला मी बघते तर आकडा चौदा! दिवसपाळीची माणसं यायला लागली होती, त्यांच्यादेखत मी मामांवर ओरडले, काय करून ठेवलंत हे!

साहेबांनी नोंदवही मागवली. पाच वाजता चार, सहा वाजता चौदा, आणि मामा आले सव्वापाचला. झालं, शाळेतलं पोरही सांगेल कोणाचा हात लागला ते. मामा सांगत होते, पट्टा आधीच तुटला होता, झाकण काढलं तेव्हाच यंत्र तापलेलं होतं. पण वहीपुढे त्यांचं कोण ऐकणार? त्या गोंधळात दुपार झाली. घरी आल्यावर मी ओले पायमोजे दोरीवर टाकले आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्राच्या नळ्यांवर साचलेला बर्फ वितळून पाणी दाराबाहेर यायला तास-दीड तास तरी लागतो. मामा येण्याच्या कितीतरी आधी ते यंत्र बंद पडलं होतं, आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मामा आपली हत्यारं न्यायला आले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, ताई, तुम्ही पाचला स्वतः बघितलं होतं ना? मी म्हणाले, हो. मग म्हणाले, तुम्ही बघितलं म्हणजे माझंच चुकलं असणार, वय झालं आता. आणि गेले. मेले गं मी तिथल्या तिथे.

आता हे सगळं तुला का लिहितेय ते. परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की तुमच्या वॉर्डात रात्री दोनलाच चारचा ताप नि नाडी लिहून ठेवतात, सगळ्याच जणी करतात, मीपण करू का. आणि मी, तुझी आई, हसून म्हणाले, कर की, त्याशिवाय निभाव लागायचा नाही. ते मी परत घेते. अगं, तुझ्या वहीत खाटेवर निजलेली माणसं आहेत. डोळा लागला तर रकाना रिकामा ठेव, सकाळी बोलणी खा, पण न बघितलेला आकडा लिहू नकोस. चार वाजता मी साहेबांपुढे तीच वही उघडणार आहे आणि पानामामांच्या देखत सांगणार आहे की पाचचा आकडा मी तीनलाच लिहिला. नोकरी माझी जाईल बहुतेक. बाबांना अजून बोलले नाही, ते बिचारे पुन्हा दाराशी येऊन कुजबुजतायत. पण आधी हे पत्र पेटीत टाकणार, मग आत जाणार. मी मला चांगली ओळखते, साहेबांच्या दाराशी पोचले की माझे पाय मागे फिरतील. पत्र पेटीत पडलं की तुला सगळं कळणारच, मग फिरून जाऊ कुठे? दोरीवरचे पायमोजे कधीच वाळलेत. तेच घालून निघते.

तुझीच,
आई