सव्विसावी पायरी

२० जानेवारी, मंगळवार. संध्याकाळ.
माझी बायको अंबाबाई घरी आली. तंजावरच्या हॉस्पिटलातून मेलकावेरीपर्यंत कारला दीड तास. मी पुढे बसून ड्रायव्हरला प्रत्येक खड्डा आधीच सांगत होतो. त्याने दोनदा गाडी थांबवून मला मागे बसायला सांगितलं. मागे जागा नव्हती. तिथे अंबाबाई, तिच्या छातीशी धरलेली उशी आणि सून शरण्या.
बायपास. तीन ठिकाणी. पायातली शीर काढून हृदयाला लावली. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची.
मुलगा साईराम बँकेत, दिवसभर बाहेर. तेव्हा आजपासून घराचा आधार मीच. वय त्र्याहत्तर, शिक्षण आठवी, पण भांड्यांच्या दुकानात अडतीस वर्षं तराजू धरला आहे. हात थरथरत नाही.
ही वही देवघरात पितळी दिव्यामागे ठेवणार. मराठीत लिहिणार, म्हणजे मोकळेपणाने लिहिता येईल. अंबाबाईला फक्त तमिळ वाचता येतं. शरण्या नाचियार्कोविलची, तमिळ घरातली. लग्नानंतर आपली तंजावरी मराठी बोलायला शिकली, पण लिहिणं-वाचणं तिला कोण शिकवणार.

२१ जानेवारी, बुधवार.
नवसाची नोंद करून ठेवतो. १२ तारखेला ती पाच तास आत होती. तेव्हा स्वामिमलैच्या स्वामिनाथाला बोललो, की आजपासून एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीसाव्या दिवशी, आम्ही दोघं तुझ्या साठच्या साठ पायऱ्या चढून येऊ. आणि तोवर मी कॉफीला शिवणार नाही. तो दिवस २८ फेब्रुवारीला येतो.
अंबाबाईला विचारायचं राहिलं. तिला भूल दिली होती.
नवस बोलून झाल्यावर नर्सने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, बीपी पाहिलं आणि पाय वर करून बाकावर झोपवलं. हॉस्पिटलात म्हाताऱ्यांना मान देतात.

२२ जानेवारी. सकाळी ६.
टाइमटेबल केलं. गोळ्या, जेवण, झोप, श्वासाचा व्यायाम. हॉलमध्ये शरण्याचं हिंदी परीक्षेचं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलेलं होतं, ते काढून त्याच खिळ्यावर लावलं. ती सर्टिफिकेट पदराने पुसून आत घेऊन गेली. समजूतदार.
डोकं दुखतंय. कॉफीचा संबंध नसावा.

त्याच दिवशी, दुपारी.
श्वासाच्या व्यायामासाठी प्लास्टिकचं यंत्र दिलं आहे. आत तीन गोळे, नळीला तोंड लावायचं आणि गोळे वर न्यायचे. अंबाबाईला आधी करून दाखवलं. जोर लावून फुंकलं. एकही गोळा हलला नाही. यंत्र सदोष आहे. शरण्या म्हणाली, मामा, ते फुंकायचं नाही, आत ओढायचं. (सासऱ्याला हे लोक मामा म्हणतात.) अंबाबाईने ओढलं. दोन गोळे वर गेले. यंत्र सदोष असून दोन. तिसरा पुढच्या आठवड्यात.

२४ जानेवारी.
तीन दिवसांत तीनदा उपमा. मी तोंडाने एक शब्द बोललो नाही. फक्त इथे लिहितो: या घरात उपम्याचा अतिरेक होतो आहे आणि सांबाराला चिंच कमी पडते.

२५ जानेवारी.
सकाळी इडली. दुपारी सांबार आंबट, आपल्या घरचं असतं तसं. घरात माझा वचक आहे, बोलावं लागत नाही.

२७ जानेवारी. दुपारी ४.
दुधाची प्रत तपासायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. शेजारचे शंकरनारायण तिथे बसलेले. निरशा दुधातल्या डिग्री कॉफीचा वास घेतला. वास म्हणजे पिणं नव्हे.

२९ जानेवारी.
शंकरनारायण फार आग्रही माणूस. त्यांनी टंबलर उंच धरून वरून ओतली, मी तोंड उघडं ठेवलं. भांड्याला ना हात लागला ना ओठ. नवस शिवण्याचा होता. शिवलो नाही.

३० जानेवारी.
पाहुणे आठ. मी सर्वांना ऑपरेशन पहिल्यापासून समजावून सांगितलं. छाती कशी उघडतात तिथे पोचलो, तेव्हा एकाने पंखा मोठा करायला सांगितला. शरण्याने मला मेडिकलमध्ये पाठवलं. परत आलो तर पाहुणे अंबाबाईशी गप्पा मारत बसले होते. रुग्णाला दगदग नको, म्हणून सर्वांना घालवलं.
डॉक्टरांच्या कागदावर रोज चालायला लिहिलं आहे. पण कागदाला काय, पडायची भीती नसते. अंबाबाईला पलंग ते मोरी, मोरी ते पलंग, एवढंच. मी पुढे, ती मागे. पायऱ्यांसाठी ताकद साठवून ठेवायची आहे. साठवली की राहते.

१ फेब्रुवारी, रविवार.
आज स्वयंपाक मी केला. शरण्याला विश्रांती. बिनमिठाची डाळ, बिनमिठाचा भात. अंबाबाईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली की हॉस्पिटलात बरं होतं. कुकरची शिट्टी सापडत नाही.

२ फेब्रुवारी.
शिट्टी सापडली. डाळीत.

४ फेब्रुवारी.
दुपारची झोप म्हणून ती पडते आणि छाती हलताना दिसत नाही. मग मी जाऊन नाकासमोर तळहात धरतो. वैद्यकीय तपास आहे. काल चार वेळा, आज सात. तळहाताला वारा लागला की बाहेर येतो, पाणी पितो, परत जातो. हे कुणाला सांगायचं नाही. आधाराने असं करायचं नसतं.

५ फेब्रुवारी.
विशेष नोंद. आज मी खोलीत गेलो की अंबाबाई झोपेतच पायाचा अंगठा हलवते. सहा वेळा गेलो, सहाही वेळा हलवला. डोळे बंद. रक्ताभिसरण सुधारल्याचं लक्षण.

८ फेब्रुवारी.
दुधाच्या तपासणीहून साडेचारला परतलो. दाराशी पोचलो तर खोलीत अंबाबाई उशी छातीशी कवटाळून थरथरत होती. डोळ्यांत पाणी. शरण्या शेजारी पाठ फिरवून उभी, तिचेही खांदे हलत होते. विचारलं, दुखतंय का, डॉक्टरांना फोन लावू का. अंबाबाईला बोलता येईना, हातानेच नको म्हणाली. शरण्या म्हणाली, मामा, खोकला होता, गेला.
खोकला असा दिसत नाही. त्र्याहत्तर वर्षं खोकले पाहतो आहे.

९ फेब्रुवारी.
पुन्हा तेच. त्याच वेळी. दोघी माझ्यापासून काहीतरी लपवत आहेत.
रिपोर्टची फाइल काढून पाहिली. इंग्रजी आहे. 'नॉर्मल' शब्द अकरा ठिकाणी. पण इतक्यांदा का लिहावं लागलं?

१० फेब्रुवारी.
स्वामिनाथाला नवसाची मुदत वाढवून मिळते का, हे कुणाला विचारता येईल? डॉक्टरांना पायऱ्यांचं विचारायचं आहे. नाही म्हणाले तर काय करायचं ते ठरत नसल्याने विचारलेलं नाही.
वही दिव्यामागे उलटी ठेवलेली सापडली. माझंच लक्ष ठिकाणावर नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
शंकरनारायण म्हणाले, काल मी दुकानाकडे येत होतो तेव्हा तुमच्या मंडळी कावेरीच्या घाटाजवळ सुनेबरोबर चालताना दिसल्या, चाल छान आहे. मी त्यांना समजावलं की त्या वेळी ती पलंगावर झोपलेली असते आणि मी त्यांच्याच शेजारी कॉफी, म्हणजे दुधाची तपासणी, करत असतो. त्यांना मोतीबिंदू असावा.
अंबाबाईच्या चपलेला वाळू होती. वारा फार सुटतो हल्ली.

१७ फेब्रुवारी. तंजावर.
तपासणी. डॉक्टर खूश. फुप्फुसं स्वच्छ, जखम भरली. विचारलं, श्वासाचा व्यायाम फार चांगला झालाय, काय करता? मी टाइमटेबल खिशातून काढेपर्यंत अंबाबाई म्हणाली की घरात करमणूक चांगली आहे. टीव्हीबद्दल म्हणाली असेल. शरण्या खिडकीबाहेर पाहू लागली.
पायऱ्यांचं विचारणार होतो. टाइमटेबलची घडी घालून खिशात ठेवली आणि उठलो. बाहेर आल्यावर शरण्या म्हणाली की तिने विचारलं आहे, सावकाश चढल्या तर हरकत नाही.
पण नवसाचं मी हिला कधी सांगितलं?
सांगितलं असेन. डोक्यावर भार फार आहे.

२१ फेब्रुवारी.
कॉफीबद्दल मनाशी खुलासा. आता टंबलर हातात घ्यावा लागतो, कारण शंकरनारायणांचा हात वर धरून दुखतो. एका रुग्णासाठी दुसरा रुग्ण करणं देवाला आवडणार नाही. दिवसाला दोन. कधी तीन.

२२ फेब्रुवारी.
अंबाबाईने सकाळी स्वतः कॉफी गाळून टंबलर माझ्यापुढे ठेवला. मी नवसाचं काही बोलायच्या आत म्हणाली, घ्या, घरची तरी प्या. फार निरागस बाई.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.
उद्याची योजना. मी एक पायरी पुढे चढून तिचा हात धरणार. दर दहा पायऱ्यांवर पाच मिनिटं विश्रांती. पाठीमागे शरण्या, थर्मास, उशी, गोळ्या. साईराम खाली गाडीजवळ, गाडीचं तोंड हॉस्पिटलच्या दिशेला. ती तीस पायऱ्यांवर थकेल असा अंदाज. उरलेल्या तीस मी दोनदा चढून हिशेब पुरा करीन. देवाशी तसं बोलून ठेवलं आहे.
झोप येत नाही. तिला येते आहे. अंगठा हलला.

२८ फेब्रुवारी, शनिवार. स्वामिमलै. सकाळी ८, इथेच बसून लिहितो.
पहिल्या दहा योजनेप्रमाणे. विश्रांतीला थांबलो तर अंबाबाई म्हणाली, बसायला आलो का. अठराव्या पायरीला हात सोडला, तिने माझा की मी तिचा ते आठवत नाही. मग ती पुढे, मी मागे. पदर खोचलेला, श्वास शांत.
या साठ पायऱ्यांना साठ संवत्सरांची नावं आहेत, प्रत्येक पायरीवर कोरलेली. सव्विसावी नंदन. माझा जन्म नंदन वर्षातला. जन्मवर्षाला मान द्यावा म्हणून मी तिच्यावर बसलो. दम लागण्याचा प्रश्न नाही. डोळ्यांपुढे थोडे काजवे होते, ते उन्हामुळे.

त्याच दिवशी, घरी. दुपारी.
पुढचं लिहायला हवं.
डोळे मिटून बसलो होतो. अंबाबाई साठही चढून, दर्शन घेऊन, चौतीस पायऱ्या उतरून माझ्यापर्यंत आली. समोर उभी राहिली. ती माझ्या नाकासमोर तळहात धरून उभी आहे हे वाऱ्यावरून कळलं. तेव्हा मी पायाचा अंगठा हलवला.
ती शेजारी बसली. म्हणाली, "तुम्ही दमला नाहीत. जन्मवर्षाला मान देत होता. घरी जाऊन हेच लिहाल ना?"
मी विचारलं, कुठे लिहीन?
"दिव्यामागे. रक्ताभिसरण सुधारल्याचं लक्षण."
एवढं बोलून तिने कपाळाला हात लावला आणि तिला तो खोकला आला. आज उशी नव्हती. तिने माझा हात घेऊन छातीशी दाबून धरला. तेव्हा तो कसला खोकला ते मला कळलं.
शरण्या दोन पायऱ्या वर कठड्याला धरून उभी. तिने सगळं कबूल केलं. घरी आल्यापासून वाचन, आणि मी दुधाला जायला लागल्यापासून रोज आधी घाट, मग वाचन. हिंदीच्या सगळ्या परीक्षा पास आहे, मामा, अक्षरं तीच. कुठले शब्द अडले की अत्तै सांगतात. (अत्तै म्हणजे सासूबाई.) दिवा रोज तीच घासते, हे मला लक्षात यायला हवं होतं. ४ तारखेचं पान वाचताना मात्र दोघींना पुढे जाता आलं नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी घाटावरही गेल्या नाहीत.
मी विचारलं, कॉफीचंही? अंबाबाई म्हणाली, कॉफीचं दोनदा वाचायला लावलं.
उतरताना तिने माझा हात धरला. ती पुढे, मी मागे. साईरामने गाडी हॉस्पिटलच्या दिशेलाच लावलेली होती, ती तशीच नेली. माझा ईसीजी निघाला. घाबरण्यासारखं काही नाही, पण रोज चालायला सांगितलं आहे, आणि कॉफी दिवसाला एक.

१ मार्च, रविवार. सकाळी.
टाइमटेबल खिळ्यावरून काढलं, सर्टिफिकेट परत लावलं. शरण्याने ते यंत्र धुऊन माझ्यापुढे ठेवलं. ओढलं. एक गोळा, अर्ध्यापर्यंत.
चारला घाटावर जायचं आहे, तिघांनी. आल्यावर वाचन.
शरण्याची तक्रार आहे की पंधरा फेब्रुवारीनंतर माझं अक्षर फार बारीक झालं आहे आणि तिला वाचताना अडखळायला होतं. म्हणून आजपासून एक ओळ सोडून लिहितो आहे.