आखाजीचा रस आणि आमचा फ्रिज

२१ एप्रिल, सोमवार
फ्रिजने पुन्हा बर्फ धरला. खालच्या कप्प्यात कोथिंबीर कडक, दुधाची पिशवी दगड. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, नऊ दिवसांवर. ज्योत्स्नाची लग्नानंतरची पहिली, जावईबापूंसह येणार. लेकीला आमरस गारच लागतो. फोनवर छातीठोक सांगितलं, पप्पा आहेत ना. एकतीस वर्षं ठिबक सिंचनाच्या कंपनीत काढली. ज्याला नळी कळली त्याला फ्रिज काय अवघड!

२३ एप्रिल
नॉब सातवरून एकवर. बायको कुंदा तिच्या माहेरच्या, दोंडाईच्याच्या बोलीत म्हणाली, दारनं रबर ढिलं शे. माझ्या हाताने दार व्यवस्थित लागतं. तिच्याच हाताने लागत नसेल.

२४ एप्रिल
वर बर्फ, खाली ताक आंबलं. निदान झालं. पाणी जायचं भोक तुंबलंय. शेतात नळी चोक झाली की आपण काय करतो? फ्लश! दोन तांबे गरम पाणी ओतलं. बठ्ठं पाणी स्वयंपाकघरात, सगळीकडे. पोछा मीच मारला.

२६ एप्रिल
मेकॅनिक बोलवायचा नाही. पक्कं. शेजारच्या हितेंद्रने नंबर लिहून दिला. वाईट वाटू नये म्हणून खिशात ठेवला. शर्ट धुवायला गेला.

२८ एप्रिल, दुपारी ३
माळ्यावरून ठिबकच्या नळीला भोक पाडायचा जुना पंच काढला. बर्फाआड फ्रिजचं भोक दिसेना, म्हणून अंदाजाने जोर दिला. फस्स! मोकळं झालं एकदाचं. कुंदाला हाक मारून आवाज ऐकवला.

सायं. ७
बर्फ वितळला. मग बाकीचंही सगळं वितळलं. फ्रिज घरघरतो, गार होत नाही. लेकीला काय तोंड दाखवू? बाथरूममध्ये जाऊन रडलो. खरंच.

२९ एप्रिल
प्रेमराज मेकॅनिक आला. म्हणाला, नाना, कॉइलला भोक पाडलं तुम्ही, गॅस गेला. सणानंतरच होईल. आणि बर्फ धरायचा तो दाराच्या रबरामुळे. कुंदा शेजारीच उभी होती. तिने दाराचं ढिलं रबर बोटाने दाबून पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

३० एप्रिल, आखाजी
पूजेची घागर आणताना कुंदाने एक कोरी घागर जास्तीची आणली होती. पहाटेच तिच्यात रस भरून ओल्या वाळूत ठेवला. ज्योत्स्ना पुरणाच्या मांड्याबरोबर तीन वाट्या प्याली. म्हणाली, पप्पा, आपल्या फ्रिजचा रस तो रसच! मी मान डोलावली. कुंदाने माझ्याकडे पाहिलं आणि मांडा वाढला.
तेवढ्यात जावईबापू पाण्याची बाटली घ्यायला उठले. फ्रिज उघडला. आत पापडाचे डबे, शेवया आणि कुंदाच्या दोन साड्या.
बर्फ मात्र आता अजिबात धरत नाही.