साहेबांसाठी टांगलेली तंगडी

मुक्काम आदिलाबाद,
डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप यशवंतराव भाऊजींच्या पायांशी धाकट्या मेहुण्याचं, व्यंकटरावाचं, मस्तक. बेल्याला सारे सुखरूप असतील, आक्काचा गुडघा थंडीत फार कुरकुरत नसेल आणि चि. दमयंती बाळंतपणातून उठून हिंडूफिरू लागली असेल. नातीचं नाक कुणाच्या वळणावर गेलं? (आपल्या जाऊ नये, असं आक्का म्हणायची. मी नव्हे.)

आमची खुशाली म्हणाल तर श्वास चालू आहे. हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, किनवट-राजुरा पलीकडे गेले आणि मी अलीकडे उरलो. उभा जन्म तहसिलीत उर्दू मिसला लिहिण्यात गेला. आता नवे साहेब मला गुंटूरकडे धाडायच्या विचारात आहेत. तिथं मराठी कुणाला येत नाही आणि तेलुगू मला. जीव नुसता टांगणीला लागला होता. अशात एकदा चहा पिताना साहेब सांगू लागले, की मद्रासला शिकत असताना एका गोऱ्या प्रोफेसराच्या घरी खाऱ्या पाण्यात मुरवून धुरावर धरलेलं डुकराचं मांस खाल्लं होतं, तशी चव पुन्हा मिळाली नाही. माझ्या तोंडातून निघून गेलं, की आमच्या घरी ते नेहमीच होतं. (आमच्या घरी नेहमी काय होतं ते आपण जाणता. पिठलं.) साहेब म्हणाले, रविवारी सहकुटुंब येतो.

गावडुक्कर आपल्यात चालत नाही, रानडुकराला हरकत नाही, एवढाच काय तो दिलासा. तलमडुगूच्या डोमाजीची ज्वारी तुडवणारं एक जनावर नुकतंच फाशात सापडलं होतं. त्याची मागची तंगडी त्यानं आणून दिली. हिनं, म्हणजे विनोदिनीनं, ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. लोणच्याची बरणी मागितली तेव्हा कपडे भिजवायचं घंगाळ पुढं सरकवलं. मीठ, गूळ, मिरे घालून मी तंगडी त्यात बुडवली आणि गोठ्यात तिच्या उशाशी बसून राहिलो. मीठ जास्त झालं की कमी, हे कच्चं चाखून कसं कळणार?

रविवारी सकाळी गाय बाहेर काढून तंगडी आढ्याला टांगली. आता धूर. भाऊजी, मला धुरी ठाऊक आहे ती एकच, आई बाळंतिणींना द्यायची ती. तीच दिली: गोवऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं. वारा उलटा फिरला आणि सगळा धूर माजघरात शिरला. हिचं डोकं चढलं. कानांवरून फडकं आवळून ही खाटेवर आडवी झाली. शेजारच्या तुळजाबाई वासावरून डिंकाचे लाडू घेऊन आल्या. (एवढ्या लवकर तयार कसे होते, ते विचारायचं राहिलं.) मी गोठ्यातून धावत येतो तोच साहेब दारात, आणि त्यांच्या पत्नी थेट आत हिच्या खाटेशी. धुरात त्यांना फडकं तेवढं दिसलं, वय दिसलं नाही. बाहेर येऊन त्या साहेबांशी तेलुगूत काही बोलल्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही.

साहेबांनी माझा हात धरला. "अरे, बोलना था ना! सोयर के घर में हम कैसे खाएँगे? और इतने छोटे बच्चे को लेके तुम गुंटूर काहे को जाते? इधरच रहो."

मी काय करणार? मान हलवली. साहेब न जेवता गेले, बदली टळली. आपल्याला घोर नको म्हणून कळवलं. बाकी विशेष काही नाही.

आपला आज्ञाधारक,
व्यंकटराव

ता. क. साहेबीणबाई बारशाला येणार आहेत. तरी दमयंतीला नातीसह चार दिवस धाडावं. खाचराला गवताची जाड गादी घालावी.

ता. क. दुसरा. घाबरून मी 'मुलगा' सांगितलं आहे. झबलं लांब शिवावं.

ता. क. तिसरा. हिला हे सगळं समजावून सांगितलं. ही रागावली नाही, हीच धास्ती होती. शांतपणे लाडू खात म्हणाली, "बाळंतीण केली ना तुमी मले? मंग सव्वा महिना मी चुलीपाशी येत नाही." तेव्हा आक्कालाही सोबत धाडावं, हात जोडतो. तोवर घरात खाण्याजोगं म्हणावं तर ती तंगडीच आहे, आणि तिला बाळंतिणीचा वास येतो.